पावसाळ्यातलं मन: मिरगापासून चवथीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली चार दिवसांची मजा. आमचा खरा लांब ऋतू पावसाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरग लागतो आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत आभाळ पुरतं मोकळं होत नाही. चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटर, आपल्या बोलण्यात एकशेवीस इंचांच्या आसपास. पणजीला मे महिन्यात सरासरी तीनशेच्या आसपास तास ऊन मिळतं, जुलैत ते शंभराच्या घरात येतं.

मी बारा वर्षं डिचोली भागात समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर नाही, तेव्हा इथे औषधांची नावं आणि डोस सांगणार नाही. जुलै लागला की चिठ्ठ्यांतून, फोनवर आणि आरोग्य केंद्राच्या बाकावर तेच प्रश्न फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. आत्ता या क्षणी जगणं नकोसं झालं असेल तर बाकीचं वाचत बसू नका. १४४१६ हा मोफत हेल्पलाईन नंबर लावा आणि थेट प्रश्न १७ पाहा.

१. पाऊस लागला की मन बसतं. हे खरंच असतं की माझाच आळस?

खरंच असतं. मेंदूत दिवस-रात्रीचं एक घड्याळ आहे आणि ते रोज जुळवून घेतं सकाळी डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून. दारं-खिडक्या लावून ट्यूबलाईटखाली बसलेल्या माणसाचं ते नीट जुळत नाही. मग दिवसा जडपणा, रात्री टक्क जाग, गोड नि तळकट खायची ओढ, कुणाशी बोलायचा कंटाळा, असं एकातून एक निघत जातं.

एक मात्र आधीच सांगते. इंटरनेटवर 'सॅड' नावाने ऋतूनुसार येणारं नैराश्य वाचायला मिळतं. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत त्याचं वर्णन केलं ते हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांच्या संदर्भात. आपल्याकडे जूनचा दिवस वर्षातला सर्वांत मोठा, जवळपास तेरा तासांचा असतो. त्यामुळे तो शिक्का उचलून स्वतःवर मारू नका. आपल्याकडे मन खाली ओढणाऱ्या गोष्टी अनेक, आणि त्या एकाच वेळी येतात: ढग, ओल, मोडलेला दिनक्रम, थांबलेली कमाई, आणि माणसांचं येणं-जाणं बंद होणं. यातली शेवटची मला सगळ्यांत जड वाटते.

२. नुसती मरगळ कुठे संपते आणि डिप्रेशन कुठे सुरू होतं?

किती दिवस चाललंय आणि काय काय अडलंय, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे किंवा आवडीच्या गोष्टींतली गोडीच गेली आहे; त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, लक्ष बिघडलंय; स्वतःबद्दल 'मी कशाच्याच लायकीची नाही' असं सतत वाटतंय; आणि रोजची कामं अडू लागली आहेत. असं असेल तर डॉक्टरला दाखवायची वेळ आली. मरगळ असेल तर ऊन पडलं, जिवाभावाचं कुणी आलं की घटकाभर तरी उठते. डिप्रेशन अशा गोष्टींना सहसा दाद देत नाही.

आपल्याकडे ते पुष्कळदा शरीराच्या वाटेने येतं. पाठीत कळ, डोकं जड, छातीत धडधड, पोटात 'गॅस'. सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही तक्रार राहत असेल तर डॉक्टरांना मनाबद्दलही सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. मुलांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते. म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा वाटतो तोही कधी कधी हाच असतो.

३. ऊनच नाही, तर उजेड आणायचा कुठून?

बाहेरून. पावसातसुद्धा. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या दिव्याचा उजेड बहुधा शंभर ते तीनशे लक्स असतो, आणि दिवसा ढगाळ आभाळाखाली अंगणात तो हजारांत भरतो. आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, म्हणून आपण फसतो.

उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं छपराखाली पण घराबाहेर बसा. सोपा (ओसरी) असेल तर सोप्यावर, जुन्या घरात बाल्कांव, म्हणजे दारासमोरची बसायची छपरी, असेल तर तिथे. चहा तिथेच घ्या, भाजी तिथेच निवडा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकला की मी दार उघडते आणि पाव घेऊन आत येत नाही, तिथेच बसून खाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खुर्ची खिडकीला लावून ठेवावी. आणि झडीसाठी सगळ्या बाजूंनी निळं प्लास्टिक बांधलं असेल तर पाऊस लागत नाही ती एक बाजू सोडून द्या. गेल्या दहा वर्षांत मी ज्या घरांत गेले त्यातल्या कितीतरी घरांत दिवसाउजेडी अंधार होता तो पावसामुळे कमी, त्या प्लास्टिकमुळे जास्त.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा वेगळा. ते त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून बनतं, सोप्यावर बसून मिळत नाही. शंका असेल तर रक्त तपासून घ्या. शेजारणीने सांगितलं म्हणून आठवड्याची पुडी सुरू करू नका. उजेडाच्या विकतच्या दिव्यांबद्दल प्रश्न १५ आणि १८ मध्ये लिहिलं आहे.

४. काही करावंसंच वाटत नाही. इच्छाच नसेल तर सुरुवात कशी करायची?

इच्छेची वाट न पाहता. मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगू दिली तर मी हीच सांगेन. आपण समजतो की आधी बरं वाटेल, मग हातपाय हलतील. उदास मनाचं उलटं असतं: आधी हात हलतात, बरं वाटणं मागून येतं.

ही निव्वळ माझी श्रद्धा नाही. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगथ' या संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची चाचणी घेतली. डिप्रेशन बऱ्यापैकी तीव्र असलेली जवळपास पाचशे माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. बैठकांचा गाभा हाच: काय करणं सोडलंय ते शोधायचं आणि थोडं थोडं परत सुरू करायचं. ज्यांना या बैठका मिळाल्या ते तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा जास्त सुधारले, आणि वर्षानंतरही फरक टिकून होता. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

माझ्या बाबतीत हे मला शेजारच्या काकींनी शिकवलं, अभ्यास छापून यायच्या कितीतरी आधी. वडील गेले त्या वर्षीच्या पावसात मी खाटेवरून उठत नव्हते. काकी आल्या, उपदेश केला नाही. फागलांनी (कर्टोल्यांनी) भरलेलं सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढी चिरून दे गो, माझा हात दुखतो." फागल उभं चिरायचं, जून बी नखाने काढायचं, कोवळं ठेवायचं. हिरवा चीक बोटांना लागतो. अर्ध्या तासाने सूप रिकामं झालं तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मी पाऊस ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्या शेवग्याचा पाला घेऊन आल्या.

करून पाहायचं असेल तर असं करा. काम इतकं लहान ठरवा की नाही म्हणायला लाज वाटेल: एक टोप घासणं, फाटकापर्यंत छत्री घेऊन जाऊन येणं, बहिणीला दोन मिनिटं फोन. वेळ ठरवा, 'जमेल तेव्हा' नको. झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. रोजच्या कामांत एक तरी दुसऱ्या माणसाशी जोडलेलं असू द्या. आणि कसं वाटलं ते लगेच मोजू नका, आठ दिवसांनी कॅलेंडरकडे बघा.

५. दिवसभर झोप येते, रात्री डोळा लागत नाही.

उठायची वेळ पक्की करा, झोपायची आपोआप जुळत येते. रविवारीही तीच. दुपारची वामकुक्षी आपल्या रक्तात आहे, ती सोडा असं मी गोंयकारांना सांगणार नाही, पण अर्धा तास आणि तीनच्या आत. गजर लावून. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत जा. झोप येण्यासाठी दोन पेग घेत असाल तर प्रश्न १० वाचा, कारण दारूने झोप लागते पण पहाटे मोडते. जोरात घोरणं आणि दिवसा गाडी चालवताना डुलक्या असतील तर तो डॉक्टरांचा विषय.

६. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी, गाद्यांना वास. याचा मनाशी संबंध जोडणं म्हणजे अतीच नाही का?

अजिबात नाही. ओलसर चादरीवर झोपलेलं माणूस थकलेलंच उठतं. बुरशीने दमा आणि सर्दी वाढते, त्याने झोप मोडते, झोपेने मन. शिवाय आपलं घर आपल्या हातातून सुटत चाललंय ही भावना फार खोल जाते, विशेषतः बायकांच्या, कारण वास आला की बोट त्यांच्याकडेच दाखवलं जातं.

सगळं घर कोरडं ठेवायचा हट्ट सोडा. एक खोली, एक कपाट, एक बिछाना एवढंच कोरडं ठेवायचं ठरवा. दोरी तिथेच पंख्याखाली बांधा, आणि ओले कपडे तिथे टांगणार असाल तर झोपायची खोली दुसरी हवी. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, कण हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसा, खिडकी उघडी ठेवून. ब्लीच वापरत असाल तर त्यात ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका. मी रोज रात्री उशीच्या अभ्र्यावर आणि चादरीच्या वरच्या टोकावर इस्त्री फिरवते. तीन मिनिटांचं काम. गालाला कोरडं, कोमट कापड लागलं की जुलैतही घर आपलं वाटतं.

७. खाण्यात काही बदल करावा का?

फार नाही. वेळेवर खा आणि पाव-चहावर दिवस काढू नका. आपलं पावसाळी जेवण मुळातच चांगलं आहे: उकड्या तांदळाची पेज, कुळीथ, तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, नाचणी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी आणि कडधान्यं कामी येतात. वर्षानुवर्षं शाकाहारी असाल आणि थकवा जात नसेल तर बी-१२ तपासा. दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी मात्र झोपेच्या मुळावर येतो.

८. आई गावात एकटी असते, मी पुण्यात. लाईट गेली की फोनही लागत नाही. काय करू?

सत्तरी, सांगे, पेडणे या तालुक्यांच्या आतल्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे. तारेवर माड पडला की दोन-दोन दिवस काळोख. म्हाताऱ्या माणसाला अंधाराची भीती नसते हो, 'मला काही झालं तर कुणाला कळणार' याची असते.

फोनवर अवलंबून राहू नका, माणूस बांधा. शेजारचं एक घर ठरवा जे रोज ठरल्या वेळी फक्त हाक मारेल. दूधवाला, पोदेर, फुलं नेणारी मुलगी, कुणीही चालेल. आईचा मान राखून करा: तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस पाठवला असं नको, तिनेच कुणाला काही द्यायचं काम असू दे. एका आजींकडे शेजारचा मुलगा रोज सकाळी देवाला जास्वंदीची फुलं न्यायला यायचा. त्याला वाटायचं आपण फुलं नेतो. आजींच्या मुलाला मुंबईत कळायचं की दार उघडलं.

पॉवरबँक, रिचार्जची बॅटरी, गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा घरात असू दे. तुमचा फोन रोज एकाच वेळी जाऊ दे, आणि 'जेवलीस का' याच्या पुढे एखादा प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर तिलाच ठाऊक आहे: अळवाच्या फतफद्यात फणसाच्या बिया कधी घालायच्या, अमक्याचं लग्न कोणत्या साली झालं.

९. माझा धंदा हंगामी. जूनपासून कमाई शून्य, घरात भांडणं. हे मानसिक आहे की पैशाचं?

दोन्ही, आणि त्यांची गुंतागुंत सोडवायला बसण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती खानावळी) मेअखेर मोडतात, ट्रॉलर नांगरतात, खाणीवरचे ट्रक थांबतात, टॅक्सीला भाडं मिळत नाही. चार महिने घरी बसलेला कर्ता पुरुष स्वतःलाच अडगळ समजायला लागतो. ते तो बोलून दाखवत नाही, चिडतो.

पैशाचा हिशेब बायकोसमोर उघडा मांडा, एकदाच, कागदावर. लपवलेलं कर्ज मनाला कर्जापेक्षा जास्त खातं. खासगी व्याजाने नवं कर्ज घेऊन जुनं फेडू नका. बँक किंवा पतसंस्थेशी हप्त्याबद्दल आधीच बोला, थकल्यावर नव्हे. दिवसाला कामाचा आकार द्या: जाळी दुरुस्त करणं, गाडीचं काम, पोरसात (परसबागेत) भेंडी नि दोडकी लावणं, मुलांना शाळेत सोडणं. कामावर जायच्या वेळी उठून दाढी करून बाहेर पडणारे आमच्याकडे फार कमी येतात, हे मी पाहिलं आहे.

१०. नवरा पावसात जास्त पितो. बंद करायला कसं सांगू?

शुद्धीवर असताना, सकाळी, भांडण न करता, आणि एका घटनेबद्दल बोला: "काल तू मुलाच्या वाढदिवसाला झोपला होतास." 'तू बेवडा आहेस' याने काही साधत नाही. दारू थोडा वेळ काळजी विसरायला लावते आणि पुढे उदासी वाढवते, हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाची पद्धतही गोव्याच्याच आरोग्य केंद्रांत तपासली गेली आहे, ती चार बैठकांपर्यंतची असते.

धोक्याची गोष्ट नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. देवासमोर शपथ घ्यायला लावून खोलीत कोंडायचं नाही. तो मारहाण करत असेल तर आधी तुमची नि मुलांची सुरक्षितता. महिलांसाठीची १८१ आणि पोलिसांची ११२ या हेल्पलाईन त्यासाठीच आहेत.

११. चवथ (गणेशचतुर्थी) आली, सगळे आनंदात. आमच्याकडे यंदा माणूस गेलंय, मला गणपतीवरच्या फळा-पानांच्या माटोळीकडे बघवत नाही.

बघू नका. दुःखाला सणाची तारीख कळत नाही. गोव्यात सगळं कुटुंब मूळ घरी जमतं ती चवथ, त्यामुळे रिकामी जागा त्याच दिवशी सर्वांत मोठी दिसते. गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही असा घरात अलिखित नियम होतो आणि मग सगळेच एकेकटे रडतात. नाव काढा. 'माटोळीची कांगलां ते कुठून आणायचे', 'घुमट कसं वाजवायचे', बोला. ते आजारपण नव्हे, शोक आहे. पण महिने उलटले तरी खाणं-पिणं, अंघोळ, मुलं यांतून लक्ष उडालेलंच राहिलं तर प्रश्न २ ची कसोटी लावा.

१२. दाखवायचं तर कुठे? बांबोळीला गेलं तर लोक काय म्हणतील?

पहिली पायरी तुमचं जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर. थायरॉईड, रक्त कमी असणं, बी-१२ हे तिथेच तपासता येतं, आणि थायरॉईड मंदावलं की हुबेहूब डिप्रेशनसारखंच दिसतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ हवे असतील तर म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत, आणि बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळ 'आयपीएचबी' ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारचा 'टेली मानस' नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही.

लोकांबद्दल काय सांगू? 'बांबोळीला नेला' हे वाक्य आपल्याकडे अजून दबक्या आवाजात उच्चारलं जातं, आणि त्या दबक्या आवाजापायी माणसं वर्षं वाया घालवतात, हे पाहून मला फार वाईट वाटतं. तिथल्या ओपीडीत बसलेले बहुतेक जण गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी कामाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठी विमा देणं बंधनकारक केलं आहे.

१३. घरचे म्हणतात नजर लागली, देवाला कौल लावू. मी काय करू?

कौल लावा, गाऱ्हाणं घाला, प्रसाद घ्या. देवळात गेल्याने माणूस घराबाहेर पडतं, माणसांत बसतं, त्याला कुणीतरी ऐकतं. यातलं काहीच वाईट नाही. फक्त डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका, आणि मारणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं असल्या उपायांना ठाम नकार द्या.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ एक पुतळा आहे: हात पुढे केलेला पुरुष आणि समोर कोसळत असलेली बाई. मुलांना तो मांत्रिक वाटतो. ते आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेले आणि पुढे पॅरिसला संमोहन करून दाखवणारे पाद्री. पॅरिसमध्ये त्या काळी लोक मानत की संमोहन घालणाऱ्याच्या अंगातून काही शक्ती वाहते. फारियांनी सांगितलं की तसलं काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं. एका गोंयकाराने दोनशे वर्षांपूर्वी हे सांगून ठेवलंय, तर आपण घरात तरी तेवढं बोलायला हरकत नाही.

१४. गोळ्यांची सवय लागते का? पाऊस संपला की बंद करू?

डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. पण अचानक थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते, म्हणून त्या हळूहळू आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच कमी करायच्या. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फक्त मळमळ जाणवते आणि तिथेच पुष्कळ जण सोडतात. बरं वाटल्यावरही सहसा काही महिने चालू ठेवाव्या लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. चिठ्ठीशिवाय, दुसऱ्याच्या डब्यातून घेऊ नका.

१५. मला बायपोलर (उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणारा आजार) आहे. पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी का? उजेडाचा दिवा वापरू का?

दोन गोष्टी कटाक्षाने. त्यावरचं लिथियम हे औषध घेत असाल आणि जुलाब-उलट्या किंवा ताप झाला तर शरीरातलं पाणी कमी होऊन औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते. हात जोरात थरथरणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं दिसलं की लगेच इस्पितळ. तापावर साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा विचारल्याशिवाय नकोत, कारण त्यातल्या काहींनी लिथियम वाढतं. दुसरं, तेजस्वी उजेडाच्या दिव्याने काहींचं मन उदासीतून थेट उन्मादाकडे जातं. ऑनलाइन मागवण्याआधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. सकाळी सोप्यावर बसायला हरकत नाही.

१६. डेंग्यू होऊन महिना झाला. ताप गेला, पण मन लागत नाही.

डेंग्यू, चिकुनगुनिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापांनंतर थकवा आणि उदासी काही आठवडे राहू शकते. झेपेल तेवढीच हालचाल रोज थोडी वाढवत न्या, भरपूर खा, घाईने पूर्ण कामावर उडी नको. दिवसागणिक किंचित तरी सुधारणा दिसायला हवी. ती थांबली, किंवा कावीळ, धाप, सूज दिसली तर परत डॉक्टरांकडे.

१७. मुलगी म्हणाली, "मला जगावंसंच वाटत नाही." विचारलं तर तिच्या मनात जास्त भरेल का?

नाही भरत. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, ठरवलंयस का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट एकटीने वाहिलेलं ओझं उतरतं. ऐकताना रागावू नका, 'आमचं काय होईल' असं म्हणू नका, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका.

काही ठरवलेलं असेल तर तिला क्षणभरही एकटं ठेवू नका. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी शेजारी किंवा नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. अशी लाट बहुतेकदा ओसरते आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणं हेच तिला वाचवतं. १४४१६ वर बोला. धोका तातडीचा असेल तर १०८ किंवा ११२, किंवा थेट जवळचं मोठं इस्पितळ. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

१८. मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो. डिसेंबरात फोनवर त्याचा आवाजच बदलतो.

इथे मात्र प्रश्न १ मधला 'सॅड' खरोखर लागू पडू शकतो. इंग्लंडात त्या दिवसांत आठ तासांहून कमी उजेड असतो, चारच्या सुमारास सूर्य मावळतो. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुलांना कित्येक दिवस सूर्यच दिसत नाही.

त्याला सांगा, सुट्टीच्या वेळात भर दुपारी बाहेर चालून यायचं, थंडी असली तरी. तिथे सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार रूढ आहे. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरला विचारून. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या असा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला असतो. इथला १४४१६ त्याच्या कामाचा नाही. त्याने आपल्या जीपीकडे (तिथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) जावं, तातडीत इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबावं. नुसतं बोलायला ११६ १२३ आहे. आणि तुम्ही फोन कराल तेव्हा तिथली वेळ बघा, हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो. तुमची रात्रीची निजानीज ती त्याची काळोखी संध्याकाळ. नेमका तेव्हाच फोन करा.

१९. माझं उलटं आहे. पावसात मी मजेत, ऑक्टोबरच्या उकाड्यात कोसळतो.

असतात अशी माणसं, काहींची उदासी उन्हाळ्यात येते: झोप उडते, भूक मरते, जीव तगमगतो. उपाय फिरवून घ्या. गारवा, दुपारी सावली, रात्रीची झोप सांभाळणं आणि प्रश्न ४ तसाच. दोन-तीन वर्षं त्याच महिन्यात होत असेल तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा.

२०. दर वर्षी हेच होतं. पुढच्या वर्षी आधीपासून काही करता येईल?

येईल, आणि त्याची वेळ मे महिना. घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तेव्हाच: सोलं वाळतात, सुके बांगडे नि सुंगटं डब्यात जातात, लाकडं पडवीत रचली जातात. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून गेल्या पावसाळ्यात काय झालं ते सांगून या. जून ते सप्टेंबरच्या कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा: सांजांवच्या सणाला मैत्रिणीच्या वाड्यावर, आषाढी एकादशीनंतर माशेलला चिखलात खेळतात त्या चिखलकाल्याला, वास्कोच्या भजनी सप्ताहात एक रात्र भजनाला. आधी ठरलेलं असलं की जुलैतलं मन 'नको' म्हणायला उशिरा पोचतं.

आणि एक कागद. त्यावर तीन माणसांची नावं, ज्यांना तुम्ही मेमध्येच सांगून ठेवलंय की मी गप्प झाले तर तू येऊन दार वाजव. माझ्या कागदावर पहिलं नाव अजून काकींचंच आहे. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, हात खरंच दुखतो, आणि ऑगस्ट लागला की फागलांचं सूप घेऊन मीच त्यांच्याकडे जाते.